जीर्णोद्धार कीं डागडुजी ?

मराठी भाषेंत देवळाचा जीर्णोद्धार होतो आणि घराची डागडुजी होते. हे दोन शब्द आमच्या पूर्वजांनीं कांहीं एका विवेकानें निरनिराळे ठेविले असावेत. देऊळ जीर्ण झालें म्हणजे गांव वर्गणी जमवितो, मुहूर्त पाहतो, आणि एकदां काम पुरें झालें कीं पुढील दोन पिढ्यांस त्याची चिंता राहत नाहीं. घराचें तसें नाहीं. मृग लागण्यापूर्वीं छप्पर शाकारावयाचें, फुटकीं कौलें बदलावयाचीं, पागोळीखालचें जोतें पाहावयाचें, भिंतीस चुन्याचा हात द्यावयाचा, हें दरसाल चालूच असावयाचें. त्याला ना मुहूर्त, ना समारंभ, ना शिलालेख. अलीकडे मात्र जुना वाडा दुरुस्त करून त्यांत आधुनिक रीतीनें राहण्याची, किंवा पैसे घेऊन पाहुण्यांस ठेवण्याची, जी टूम निघाली आहे तिला डागडुजी हा शब्द हलका वाटतो व जीर्णोद्धार हा सोंवळा वाटतो. म्हणून ‘जतन’, ‘संवर्धन’, ‘पुनरुज्जीवन’ असे भारदस्त शब्द तिच्याभोंवतीं जमले आहेत. शब्द बदलला म्हणजे बहुधा त्याच्या मागची कल्पनाहि बदललेली असते. ती कल्पना कोणती, तिच्या योगानें वाड्याचें काय राखलें जातें व काय गमावतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल पुण्याच्या पेठांतील वाडा घेऊं. कारण त्याची रचना बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. काळ्या पाषाणाचें घडीव जोतें, त्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा, सांगाड्याच्या पोटांत विटामातीच्या जाड भिंती, वर कडीपाट आणि सर्वांवर कौलें, असें त्याचें शरीर. दोन खांबांमधील अंतर तो ‘खण’. घर केवढें हें खणांवरून सांगत. दिंडीदरवाजा, देवडी, पहिला चौक, चौकाभोंवतीं ओसरी व सोपा, त्याच्या आंत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, काळोखी बाळंतिणीची खोली, आणि मागें दुसरा चौक, आड व परसू, असा त्याचा क्रम. श्रीमंताच्या घरीं चौकांची संख्या वाढे. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या कांठीं नाना फडणिसांचा वाडा आहे, त्यांत सहा चौक आहेत. परंतु एका चौकाचें घर व सहा चौकांचा वाडा यांचें व्याकरण एकच.

चौक म्हणजे खोल्या बांधून उरलेली जागा, असें ज्यास वाटतें त्यास वाडा समजला नाहीं. पेठांतील घरें एकमेकांस भिंत लावून उभीं असतात. रस्त्याच्या अंगास भिंत बहुधा बंद, खिडक्या लहान व उंचावर. अशा घरांत उजेड व वारा यावयाचा तो वरून, चौकांतून. दिवसा तापलेली हवा वर निघून जाते. रात्रीं निवालेली जड हवा चौकांत उतरून ओसरीवाटे खोल्यांत शिरते. जाड भिंती दुपारचा ताप आंत पोंचूं देण्यास पुष्कळ वेळ लावितात. पुढें काढलेलें छप्पर माथ्यावरचें ऊन अडवितें. आणि पाऊस फरसबंदीवर पडून मोरीवाटे बाहेर जातो. हें झालें चौकाचें पदार्थविज्ञान. त्याखेरीज तुळशीवृंदावन तेथेंच, पापड व सांडगे वाळत ते तेथेंच, मुंजीचा मांडव तेथेंच आणि घरांतून शेवटचा निरोपहि तेथूनच. सारांश, चौक हें घरांतील मुख्य दालन होय. त्याला छप्पर नाहीं एवढेंच.

येथें एक गैरसमज आरंभींच दूर केला पाहिजे. आधुनिक सोय आणि जुना वाडा यांचें उपजत वैर आहे, असें पुष्कळांस वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून भुयारी नळानें शहरांत पाणी आणविलें व ठिकठिकाणीं तें दगडी हौदांत खेळविलें. त्या काळीं ही सोय आजच्या कोणत्याहि यंत्राइतकीच नवी होती. वाड्यानें ती निमूटपणें आपल्या पोटांत घेतली. पुढें खिडक्यांस कांचा आल्या, विजेचे दिवे आले, नळ आला. वाडा त्या प्रत्येकास जागा देत गेला. तेव्हां वाड्यांत नवें कांहीं येऊं नये असें म्हणणारा मनुष्य वाड्याचा अभिमानी असला, तरी त्याचा जाणता नव्हे.

मग वाडे गेले कशानें ? आग व पूर यांनीं पुष्कळ नेले, हें खरें. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारींत जळाला. १८७९ सालच्या आगींत बुधवारवाडा गेला व विश्रामबागवाड्याचा मोठा भाग खाक झाला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंती तासा-दोन तासांत विरघळल्या. परंतु आग व पाणी यांनीं नेलें त्याहून अधिक एका मंद कारणानें नेलें. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें घरभाडें सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलें. युद्धकाळच्या टंचाईंत भाडेकरूस आधार देणें न्याय्यच होतें. पण तात्पुरता उपाय पिढ्यान् पिढ्या राहिला, आणि कौलांची किंमत वाढत असतां भाडें वाढेना. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस ती आपली वाटेना. त्यांत वारसांच्या वांटण्या झाल्या. एका तुळईचे सात धनी झाले म्हणजे ती तुळई कुजते, हा सृष्टिनियमच समजावा.

या पार्श्वभूमीवर आज वाड्याची जी गति होते ती तीन प्रकारची दिसते. पहिला प्रकार असा कीं, वाडा पाडावयाचा, त्या जागीं पांच मजल्यांची इमारत उठवावयाची, आणि तिच्या कमानीवर जुन्या घराण्याच्या नांवापुढें ‘वाडा’ हें अक्षरद्वय कोरावयाचें. पाडतांना निघालेले सुरूच्या घाटाचे खांब, कोरीव महिरपी व गणेशपट्ट्या जुन्या बाजारांत जातात. तेथून त्या कोणाच्या दिवाणखान्यांत अथवा हॉटेलांत शोभेस उभ्या राहतात. ज्या खांबावर कांहीं तोललेलें नाहीं तो खांब म्हणजे संदर्भावांचून उद्धृत केलेलें वाक्य होय. त्याचा अर्थ लागत नाहीं; त्याचा केवळ उपयोग होतो.

दुसरा प्रकार संग्रहालयाचा. सार्वजनिक इमारतीच्या बाबतींत तो वावगा नाहीं. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं राहण्यासाठीं बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें सरकारी व म्युनिसिपालिटीच्या कचेऱ्या आल्या, टपालघर आलें. आणि आतां महापालिकेनें दुरुस्त केलेला त्याचा दर्शनी भाग जाणाऱ्या-येणाऱ्यास थांबवितो. हा वाडा टिकला तो कोणाच्या ना कोणाच्या उपयोगीं पडत राहिला म्हणून. पण प्रत्येक गल्लींतील राहतें घर संग्रहालय होऊं शकत नाहीं, आणि होऊंहि नये. रांगोळी रोज नवी काढावी लागते. कांचेखालीं ठेवलेली रांगोळी ही रांगोळी राहत नाहीं.

तिसरा प्रकार राहत्या घराच्या नूतनीकरणाचा, आणि आमच्या टीकेचा मुख्य रोंख याच्यावर आहे. कारण यांतच हेतु चांगला असून फळ वाईट येतें. मालक सुशिक्षित, रसिक, खर्चास मागेंपुढें न पाहणारा असतो. तो लांकूड घांसून चकचकीत करतो, भिंतीवरील चुना खरवडून आंतील वीट उघडी पाडतो, ओसरीवर झोपाळा टांगतो. आणि पावसाची, धुळीची व कबुतरांची अडचण म्हणून चौकावर कांचेचें अथवा प्लास्टिकचें छत घालून तेथें बैठकीची खोली करतो. झालें ! ज्या वाटेनें तापलेली हवा जावयाची ती वाट बंद झाली. दुपारीं चौक भट्टी होतो. मग यंत्रानें हवा थंड करावी लागते. यंत्रासाठीं दारें मिटावीं लागतात. आणि चारी बाजूंच्या खोल्यांस पुन्हां अंधार येतो. वाड्यांतील सर्व अलंकार शाबूत राहिले आणि क्रियापद गेलें, अशी ही अवस्था. उघडी वीटहि तशीच. जुनी वीट मऊ. तिला चुन्याचें अंगरखें होतें तें उन्हापावसापासून तिचा बचाव करण्यासाठीं होतें. तें काढून ‘जुनेपण’ दाखविणें म्हणजे वृद्ध मनुष्यास त्याच्या सुरकुत्या दिसाव्यात म्हणून थंडींत उघडा बसविणें होय.

येथें तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. जुन्या इमारतीस हात किती लावावा, याविषयीं युरोपांत गेल्या शतकाच्याहि आधींपासून मोठा वाद झाला आहे. फ्रेंच वास्तुकार व्हियोले-ल-द्यूक याचें मत असें कीं, इमारत अशी पूर्ण करावी कीं तशी ती पूर्वीं कधीं नसली तरी चालेल. याच्या उलट इंग्लंडांत रस्किननें १८४९ सालीं असल्या पुनर्रचनेस शुद्ध असत्य ठरविलें. आणि विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळी स्थापून तिला धोरण दिलें तें नित्याच्या डागडुजीचें. मौज ही कीं, इंग्रजी विद्या शिकून आम्ही जें ‘रेस्टोरेशन’ म्हणून घेऊन आलों, त्याविरुद्ध इंग्लंडांतील शहाण्यांनीं जें सांगितलें तें आमच्या घरच्या डागडुजीच्या शब्दांत आधींच होतें.

तथापि रस्किनचें मत जसेंच्या तसें आम्हांस लागू पडत नाहीं. त्याच्यापुढें दगडी प्रार्थनामंदिरें होतीं. आमचा वाडा लांकूड व माती यांचा आहे. लांकडास वाळवी लागते, भिंतींत रुतलेलें तुळईचें टोंक ओलीनें कुजतें. तें बदलावेंच लागतें. जपानांत इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनीं नव्या लांकडांत पूर्ववत् बांधतात. २०१३ सालीं तें असेंच पुन्हां बांधलें गेलें. तेथें जुनें आहे तें लांकूड नव्हे, सुताराच्या हातांतील विद्या. म्हणून आम्हांस अधिक जवळचा दाखला पुण्याच्याच भांडारकर संशोधन मंदिरांत सांपडतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली गेली व १९६६ सालीं पुरी झाली. तिच्या संपादकांनीं गळलेल्या जागीं आपल्या पदरचे श्लोक घातले नाहींत. आणि जेथें पाठ निःसंशय नाहीं तेथें शब्दांखालीं नागमोडी रेघ ओढून वाचकास तसें प्रांजळपणें सांगितलें. वाड्याच्या दुरुस्तीसहि हाच दंडक असावा. खांबाचा खालचा हातभर भाग कुजला असेल, तर तेवढाच कापून नव्या सागाचा तुकडा सांध्यानें जोडावा, आणि तो सांधा रंगाखालीं लपवूं नये. तो सांधा ही सुताराची नागमोडी रेघ होय. नवा भाग नवाच दिसावा. नव्या लांकडास कृत्रिम काळेपण देऊन शंभर वर्षांचें करणें ही लांकडांतील प्रक्षेपविद्या आहे.

परंतु ग्रंथाची उपमा एका ठिकाणीं थांबते. त्रुटित ग्रंथ वाचतां येतो. त्रुटित छपराखालीं राहतां येत नाहीं. शिवाय ग्रंथाचा संपादक सर्व पाठांची नोंद ठेवतो. वाड्याचा जीर्णोद्धारक मात्र कांहीं पाठ निवडतो व कांहीं गुपचूप गाळतो. उदाहरणार्थ, मागील चौकापलीकडे, अंगणाच्या टोंकास, वाड्याचा शौचकूप असे, आणि त्याला मागच्या बोळांतून एक वेगळें लहान दार असे. त्या दारानें मैला उचलणारा मनुष्य येई व त्याच दारानें जाई. पुढच्या चौकाचें आकाश त्याच्या वांट्यास कधीं आलें नाहीं. असले शौचकूप व तें काम १९९३ च्या कायद्यानें निषिद्ध झालें आणि २०१३ च्या कायद्यानें तो निषेध अधिक कडक केला. त्या दाराचा जीर्णोद्धार कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं, आणि कोणी करूंहि नये. पण ही गोष्ट एकदां ध्यानांत घेतली म्हणजे ‘आम्ही वाडा जसाच्या तसा राखला’ या बढाईंतील हवा निघून जाते. जसेंच्या तसें कोणीच राखीत नाहीं. प्रत्येक जीर्णोद्धार ही निवड आहे. ती कोणत्या तत्त्वानें केली हें उघड सांगावें, एवढेंच आमचें मागणें.

हीच गोष्ट माजघराची. रमाबाई रानडे यांच्या आठवणी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस लिहिण्यावाचण्याच्या गुन्ह्याबद्दल घरांतील वडील बायकांकडून त्यांनीं काय सोसलें हें ठाऊक आहे. वाड्याची रचना केवळ ऊन-वाऱ्याची नव्हती, ती पायरीपायरीची होती: कोणी देवडीशीं थांबावें, कोणीं ओसरीवर बसावें, कोणीं माजघराबाहेर येऊं नये, हें खांब न बोलतां सांगत. तेव्हां ज्यानें घरांतील सर्वांस उजेड व वारा दिला तें राखावें, आणि ज्यानें एकास उजेडांत व दुसऱ्यास अंधारांत ठेविलें तें निःशंक मोडावें, हें आमचें तत्त्व. स्वयंपाकघराची धुरकट भिंत फोडून तेथें मोठी खिडकी काढली, बाळंतिणीची काळोखी खोली उजेडाची केली, तर वाड्याचें कांहीं बिघडत नाहीं; त्याचें राहिलेलें देणें फिटतें. चौकावर छत घातलें तर मात्र वाडा संपला.

आमच्या साहित्यांत वाडा बहुधा वैभवाची खूण म्हणून अथवा ऱ्हासाची खूण म्हणून येतो. महेश एलकुंचवार यांचें ‘वाडा चिरेबंदी’ हें १९८५ सालीं रंगभूमीवर आलेलें नाटक या दुसऱ्या प्रकाराचें श्रेष्ठ उदाहरण. विदर्भांतील त्या देशपांडे घराण्याच्या वाड्यांत मोडतें आहे तें लांकूड कमी आणि माणसामाणसांतील नातें अधिक. या नाटकानें शिकविलेली गोष्ट जीर्णोद्धारकांनीं विसरूं नये: खांब दुरुस्त केल्यानें एकत्र कुटुंब दुरुस्त होत नाहीं. ज्या कुटुंबासाठीं चौक होता तें कुटुंबच आज उरलें नाहीं. मग आजच्या तीन-चार माणसांच्या संसारास एवढा चौक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील.

त्यास उत्तर पुण्याच्या वाड्यांनींच आपल्या उत्तरायुष्यांत देऊन ठेविलें आहे. मूळ मालकाचें वैभव ओसरल्यावर याच वाड्यांत दोन-दोन, तीन-तीन खोल्यांचीं बिऱ्हाडें राहूं लागलीं. एका चौकाभोंवतीं कारकून, शिक्षक, छापखान्यांतील जुळारी, विद्यार्थी अशीं परस्परांशीं रक्ताचें नातें नसलेलीं माणसें नांदलीं. भांडणें झालीं, विशेषतः नळावर. पण आजाऱ्याच्या उशाशीं रात्रीं शेजारीच बसले. एका घराण्याचा चौक अनेकांचा झाला, हा वाड्याच्या इतिहासांतील सर्वांत मोठा नूतनीकरणाचा प्रयोग होय, आणि तो कोणा वास्तुकाराच्या नकाशावांचून झाला. असें असतां आज जतनाची पहिली पायरी म्हणून बिऱ्हाडकरूंस बाहेर काढावयाचें, आणि मग रिकाम्या वाड्यास ‘जिवंत वारसा’ म्हणावयाचें, हा विनोद समजण्याइतकी आमची विनोदबुद्धि अद्याप तल्लख झालेली नाहीं. चार-सहा कुटुंबांनीं मिळून एक वाडा दुरुस्त करावा, प्रत्येकाचें दार वेगळें, न्हाणीघर वेगळें, व चौक सर्वांचा, ही रचना आधुनिक राहणीस सोडून नाहीं. उलट, बंद फ्लॅटांत एकलकोंड्या झालेल्या वृद्धांस व मुलांस तिचीच वाण आहे.

आतां व्यवहार पाहूं. कारण उपदेश फुकट असतो, कौलें विकत असतात. मातीविटांच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊं नये. सिमेंट ओल आंत कोंडून धरतें. ती ओल भिंत फुगविते व तुळईचें टोंक कुजविते. चुना ओलीस बाहेर जाऊं देतो. न्हाणीघरें व शौचकूप कडीपाटावर जागोजाग न पसरतां मागील अंगास एकावर एक घ्यावे, म्हणजे पाण्याचे नळ एकाच उभ्या ओळींत येतात व गळती तत्काळ दिसते. विजेच्या तारा लांकडांत न पुरतां नळींतून उघड्यावर न्याव्यात. पूर्वींच्या आगी पाहतां एवढा धडा पुरे. अरुंद, काळोखा जिना वृद्धांस घातक असल्यास दुसरा जिना बांधावा. तो आजच्या घाटाचाच बांधावा. आणि सर्वांत आधीं छप्पर व मोरी पाहावी: वरून पाणी आलें नाहीं व खालीं तुंबलें नाहीं, तर बाकीचा वाडा पुष्कळ दिवस वाट पाहूं शकतो.

हा सर्व खर्च एकट्या मालकानें सोसावा असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. वाड्याचा लाभ सर्व शहरास आणि भार एका घरास, ही वांटणी टिकणारी नाहीं. मुंबईत १९९५ सालीं वारसा-इमारतींचे नियम झाले. जेथें इमारत पाडण्यास मनाई केली जाते, तेथें न बांधलेल्या मजल्यांचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा मालकास देतां येते. शेजारच्या गुजराथेंत अहमदाबादचें जुनें शहर २०१७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. तेथील पोळींतील घरांसहि चौक आहेत व चौकाखालीं पावसाचें पाणी सांठविण्याचीं टांकीं आहेत. यादींत नांव गेल्यानें गवंडी निर्माण होत नाहीं, ही गोष्ट मात्र तिकडेहि खरी आणि इकडेहि खरी. चुना मळणारा गवंडी व सांधा जाणणारा सुतार दुर्मिळ होत चालले आहेत. एका कोरीव खांबाच्या किंमतींत असा एक मुलगा कामावर ठेवून शिकवितां आला, तर आमच्या मतें तो खर्च अधिक शहाणपणाचा.

वाडा राखूं पाहणाऱ्या गृहस्थास आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यानें उद्घाटनाच्या दिवसापेक्षां त्यापुढील दहाव्या पावसाळ्याचा विचार करावा. त्या वर्षीं वैशाखांत कोणी शिडी लावून कौलांवर चढत असेल, चौकावर आकाश असेल, आणि चौकांत एकाहून अधिक घरांचीं मुलें खेळत असतील, तर त्यानें केलें तें काम चांगलें झालें असें समजावें. मग त्याला जीर्णोद्धार म्हणा, संवर्धन म्हणा, अथवा जुन्या माणसांप्रमाणें नुसती डागडुजी म्हणा.